एका बाकावरची हृदयं
(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ या विषयावर वीस मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो लगेच दिला, कारण आपल्या ग्रुपवर हल्ली कशाची चर्चा चालते हे त्यांनाही माहीत आहे. ग्रुप सुरू झाला तेव्हा आपण जुने फोटो टाकायचो. मग मुलांच्या दहावी-बारावीचे निकाल आले. आता गेली दोन-तीन वर्षं महिन्यातून एकदा तरी एक निरोप असतोच : ‘हार्टच्या चांगल्या डॉक्टरचा नंबर आहे का कुणाकडे?’ आधी हा निरोप आईवडिलांसाठी असायचा. आता तो स्वतःसाठी असतो.

मी डॉक्टर नाही. इंजिनिअर आहे. आकड्यांचे ढिगारे उपसून त्यात काय घडलंय ते शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. तेच काम मी गेलं वर्षभर या विषयासाठी केलं, आणि आपल्या तुकडीतल्या दोन डॉक्टरांनी हे टिपण वाचून तपासून दिलं. त्यामुळे चांगलं वाटलं तर श्रेय त्यांचं, कंटाळा आला तर दोष माझा.

आपला वर्ग आठवा. कुणाचे वडील ओझरला एचएएलमध्ये होते, कंपनीची बस त्यांना न्यायला यायची. कुणाचे नाशिकरोडला नोटांच्या छापखान्यात. बऱ्याच जणांचे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा रात्रपाळी. तांबट आळीत दिवसभर भांडी ठोकणाऱ्या घरातला एक जण होता. गोदेकाठच्या बाजारात भाजी विकणारीची मुलगी होती. मखमलाबादकडून सायकल मारत येणारे शेतकऱ्यांचे मुलगे होते. एकीची आई सिन्नरला माहेरी जाऊनसुद्धा विड्या वळत बसायची, कारण हजार विड्यांचा हिशोब चुकायला नको. आणि डॉक्टर-वकिलांची दोन-चार मुलंही होती.

शाळेने आपल्याला एक गणवेश दिला, एक नळ दिला, एक बाक दिला. दहा ते पाच आपण सगळे सारखेच. तो सारखेपणा खरा होता, आणि तो देणाऱ्या सर-बाईंचे उपकार आहेत. पण मला पडलेला प्रश्न असा : संध्याकाळी पाच वाजता आपण ज्या वेगवेगळ्या घरांत परत जायचो, त्या घरांची खूण तीस वर्षांनी आपल्या हृदयात शिल्लक आहे का?

उत्तर ‘हो’ असं आहे. आणि ती खूण ठळक व्हायला लागते ती नेमकी आपल्या आजच्या वयात.

ब्रिटनमध्ये मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांपैकी ५,३६२ जणांची नावं एका अभ्यासात घेतली गेली. त्या मुलांचा माग संशोधकांनी आयुष्यभर ठेवला. वडील काय काम करतात, जन्माचं वजन किती, शाळा कोणती, हे सगळं नोंदलेलं. या मंडळींचा रक्तदाब वयाच्या ३६ व्या, ४३ व्या आणि ५३ व्या वर्षी मोजला गेला. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष आला. अंगमेहनतीचं काम करणाऱ्या वडिलांच्या मुलांचा रक्तदाब छत्तिसाव्या वर्षीही थोडा जास्त होता. पण पुढच्या सतरा वर्षांत हे अंतर वाढत गेलं. वाढीचा मोठा भाग मधल्या काळात चढलेल्या वजनामुळे होता.

आमच्या भाषेत सांगायचं तर, सॉफ्टवेअरमधली जुनी उणीव पहिल्या दिवशी दिसत नाही. दहा माणसं वापरतात तोवर सगळं सुरळीत असतं. भार वाढला की मग ती वर येते. शरीराचा भार वाढायचा काळ म्हणजे चाळिशी ते पंचावन्न. नोकरीची जबाबदारी, मुलांच्या फिया, घराचे हप्ते, म्हाताऱ्या आईवडिलांची आजारपणं हे सगळं याच काळात एकदम येतं. लहानपणी कमी पडलेलं सगळं तेव्हा वसुलीला उभं राहतं.

आता कुणी म्हणेल, यात नवीन काय? गरिबाला आजार होतात, श्रीमंताला होत नाहीत. पण हिशोब इतका सोपा नाही. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांमध्ये १९६७ साली एक पाहणी सुरू झाली. तिला ‘व्हाइटहॉल’ पाहणी म्हणतात. सुमारे १८ हजार पुरुष कर्मचारी. यातला कुणीही उपाशी नव्हता, सगळ्यांना पगार होता, सरकारी दवाखाना फुकट होता. तरीही सगळ्यात खालच्या पायरीवरच्या निरोप्यांमध्ये आणि दारवानांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. विडी-सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशोबात धरलं तरी या फरकाचा निम्म्याहून कमी भाग समजत होता.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे तो जिना आहे. वरचे सुरक्षित आणि खालचे धोक्यात, अशी मधोमध रेघ नव्हती. प्रत्येक पायरीवरचा माणूस त्याच्या वरच्या पायरीपेक्षा थोडा जास्त धोक्यात होता. मायकेल मार्मट या संशोधकाने पुढे १९८५ पासून दहा हजारांवर कर्मचाऱ्यांची दुसरी पाहणी केली, तीत एक तृतीयांश स्त्रिया होत्या. तिच्यातून असं दिसलं की आपल्या कामावर आपला ताबा किती, याचा हृदयाशी संबंध आहे. काम पुष्कळ असणं वेगळं. काम पुष्कळ आणि त्यातलं काहीच आपल्या हातात नसणं वेगळं. पाळी कधी लागणार हे दुसऱ्याने ठरवायचं, सुट्टी मिळेल का हे दुसऱ्याने ठरवायचं, जेवायला किती मिनिटं हेही दुसऱ्याने. आपल्यातले जे कंत्राटावर कारखान्यात आहेत, डिलिव्हरीची गाडी चालवतात, सिक्युरिटीत बारा-बारा तास उभे असतात, त्यांना मी काय म्हणते ते जास्त समजेल.

हे झालं साहेबांच्या देशाचं. आपल्याकडे काय? आपल्याकडे गोष्ट थोडी वळण घेते, आणि ते वळण समजून घ्यायला फार लांब जावं लागत नाही. पुण्यापर्यंत गेलं तरी पुरतं.

१९९३ साली, म्हणजे आपण आठवीत होतो तेव्हा, पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये एक अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या, बारीक चणीच्या गरोदर बायांचा. त्यांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं जन्मली ती सरासरी पावणेतीन किलोच्याही आत. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमनी हलकी. इथवर आश्चर्य नाही. आश्चर्य पुढे आहे. या हलक्या बाळांमध्ये स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. पोटात अन्न कमी पडलं की बाळ काटकसर करतं : मेंदू वाचवतं, थोडी चरबी राखून ठेवतं आणि बाकीच्या ठिकाणी हात आखडता घेतं.

या आखडत्या हाताची किंमत तेव्हा मोजावी लागत नाही जेव्हा ते मूल पुढेही शेतात राबतं आणि भाकरीच खातं. किंमत मोजावी लागते ती त्याचं आयुष्य बदलल्यावर. सायकल जाऊन स्कूटर येते. शेत जाऊन खुर्ची येते. सकाळी मिसळ, दुपारी डबा, संध्याकाळी चिवडा, रात्री उशिरा जेवण. मिसळीला नावं ठेवलीत तर नाशकात राहू द्यायचे नाहीत, म्हणून इथेच थांबते.

याच डॉ. याज्ञिकांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघे शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक असतो, बीएमआय, तो दोघांचाही २२.३. अगदी सारखा. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. तेव्हा ‘मी काही जाड नाही’ हे आपल्यापैकी कुणीही छातीठोकपणे म्हणू नये. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत असावी, असं सांगतात.

पुण्याच्या याच गटाने खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे ४४१ पुरुष तपासले होते. चरबी सगळ्यात कमी खेड्यात, मग झोपडपट्टीत, आणि सगळ्यात जास्त मध्यमवर्गात. म्हणजे लंडनच्या जिन्याच्या बरोबर उलट! मग आपल्याकडे हा खरंच श्रीमंतांचा आजार आहे का?

तसं मानायची आपल्याकडे पद्धत होती. ‘साहेबांना हार्ट, गड्याला कसला हार्ट’ असं आपल्या लहानपणी म्हणत. पण १९९४ सालीच राजस्थानच्या खेड्यांतल्या पाहणीत असं दिसलं होतं की न शिकलेल्या आणि कमी शिकलेल्या लोकांमध्ये हृदयविकार, धूम्रपान आणि उच्च रक्तदाब हे तिन्ही जास्त आहेत. पुढे सतरा देशांतल्या दीड लाखावर लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, ‘प्युअर’ नावाचा, त्यात भारतही होता. २०१४ मध्ये आलेला त्याचा निष्कर्ष वाचून मी खुर्चीत ताठ बसले. धोक्याच्या गोष्टी, म्हणजे कोलेस्टेरॉल, वजन वगैरे एकत्र मोजल्या, तर त्या श्रीमंत देशांत सगळ्यात जास्त. आणि मृत्यू? ते गरीब देशांत सगळ्यात जास्त. याच अभ्यासाचा पुढचा भाग २०१९ मध्ये आला. गरीब देशांमध्ये कमी शिकलेल्यांना झटका, पक्षाघात यांसारखे मोठे आजार होण्याचं प्रमाण जास्त शिकलेल्यांच्या दुपटीहून अधिक होतं. धोका मोजला तर कमी शिकलेल्यांची स्थिती उलट बरी होती, तरीही. आणि घरातल्या पैशाअडक्यापेक्षा शिक्षणाचा संबंध जास्त घट्ट निघाला.

सर, बाई, हे मुद्दाम तुमच्याकडे बघून सांगते आहे. तुम्ही आम्हाला त्रैराशिक आणि व्याकरण शिकवलंत असं आम्ही समजत होतो. तुम्ही आमच्या हृदयालाही काहीतरी शिकवून ठेवलं होतं. गोळीच्या पाकिटावरचं वाचता येणं, डॉक्टरांना उलट प्रश्न विचारायची भीती न वाटणं, सरकारी फॉर्म भरता येणं, या सगळ्याने माणूस वाचतो.

धोका सारखा किंवा कमी असूनही माणसं जास्त का मरतात, याचं उत्तर आपल्या देशातल्याच एका अभ्यासात आहे. ‘क्रिएट’ त्याचं नाव. देशभरातल्या ८९ रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका घेऊन आलेल्या २०,४६८ रुग्णांची नोंद त्यात झाली. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रुग्णांचं सरासरी वय साडेसत्तावन्न. निम्म्याहून जास्त निम्न-मध्यमवर्गातले, आणखी वीस टक्के गरीब. दुखायला लागल्यापासून रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंत लागलेला वेळ, मधल्या रुग्णाचा धरला तर, ३६० मिनिटं. सहा तास! नाशिकहून मुंबईला जाऊन जवळपास परत यायचा वेळ.

रुग्णालयात पोचल्यावरचे आकडेही ऐका. श्रीमंत रुग्णांपैकी शंभरात १५ जणांची अँजिओप्लास्टी झाली, गरिबांपैकी शंभरात दोघांची. कोलेस्टेरॉलची गोळी श्रीमंतांत शंभरातल्या ६१ जणांना मिळाली, गरिबांत ३६ जणांना. महिन्याभरात दगावले ते श्रीमंतांत साडेपाच टक्के, गरिबांत आठ टक्क्यांवर. संशोधकांनी मग एक हिशोब मांडला. वय, रक्तदाब, तंबाखू असे फरक लक्षात घेतले, तरी मृत्यूतला फरक तसाच राहिला. पण मिळालेल्या उपचारांतला फरक लक्षात घेतला, तेव्हा मृत्यूतला फरक नाहीसा झाला.

याचा अर्थ मी असा लावते. जन्माचं वजन आता कुणाला बदलता येणार नाही. वडिलांची रात्रपाळी बदलता येणार नाही. पण शेवटचा फरक, माणूस राहतो की जातो तो फरक, बऱ्याच अंशी उपचारांचा होता. आणि उपचार पोचवता येतात.

आता आपल्या वर्गाचं बोलते. दोन्ही घरांची परवानगी घेतली आहे, नावं घेत नाही. आपला एक मित्र आज इथे तिसऱ्या रांगेत बसला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला ऑफिसातच छातीत कळ आली. शेजारच्या सहकाऱ्याने गाडी काढली, वीस मिनिटांत ईसीजी झाला, दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी. आज तो मघाशी जिलबी मागत होता आणि त्याची बायको डोळे वटारत होती. आपला दुसरा मित्र पिंपळगावच्या बाजारातून कांदा भरून ट्रक न्यायचा. त्यालाही तशीच कळ आली, तेच वय. त्याने सोड्याची पुडी घेतली. भाडं वेळेत पोचवायचं होतं. सकाळपर्यंत गाडी चालवली, मग एका गावातल्या दवाखान्यात, तिथून दुसरीकडे, तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथे पोचला तेव्हा उशीर झाला होता. हे दोघे आठवीत एका बाकावर बसायचे. तिमाहीत दोघांचे गणितातले मार्क जवळपास सारखे असायचे. नववीनंतर एकाने शाळा सोडली.

क्रिएटचा अहवाल मी नंतर वाचला. पण तो मला आधीच माहीत होता असं वाटलं.

आता माझ्या मैत्रिणींसाठी थोडं. आपल्याला वाटतं हृदय हा पुरुषांचा विषय. पाळी सुरू असेपर्यंत आपल्याला काही प्रमाणात संरक्षण असतं हे खरं. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. म्हणजे ते संरक्षण आता संपत आलं. त्यानंतर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, पोटाभोवतीची चरबी सगळं चढायला लागतं. स्वतःला दोन प्रश्न विचारा. बाळंतपणात माझा बीपी वाढला होता का? साखर वाढली होती का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं असतं, कारण वीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाबद्दल ते विचारतीलच असं नाही. झटका आला तर बाईच्याही छातीतच दुखतं. पण सोबत दम लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, विलक्षण थकवा असं बऱ्याचदा असतं. आणि आपण काय म्हणतो? ‘आज काम जास्त झालं.’ सगळ्यांचं जेवण झाल्यावर मग बघू, म्हणतो.

आणखी एक गोष्ट आपल्या घराघरांत आहे, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही : मिश्री. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे चार टक्क्यांच्याही आत निघाले, पण चघळणारे, लावणारे चोवीस टक्क्यांच्या वर. म्हणजे धूर दिसत नाही, तंबाखू आहेच. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. ती किती पाळली जाते ते पानटपरीवर उभं राहून बघा. ‘मी सिगारेट ओढत नाही’ हे उत्तर डॉक्टरांना पुरेसं नाही. मिश्री लावता का, पुडी खाता का, तेही सांगा.

मग करायचं काय? मी उपदेश करणार नाही. रोज चाला, मीठ कमी खा, हे तुम्हाला माहीत आहे. दिवसाला पाच ग्रॅम मीठ, एक लहान चमचा, एवढंच जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपण साधारण त्याच्या दुप्पट खातो, एवढंच लक्षात ठेवा. शिवाय ‘चाला’ हे सांगणंही सगळ्यांना सारखं लागू होत नाही. ज्याला गंगापूर रोडला जॉगिंग ट्रॅक आहे त्याने चालावंच. बारा तास उभं राहून घरी आलेल्याला ‘चाल’ म्हणणं बरं दिसत नाही. त्याच्यासाठी दुसरं काहीतरी करायला हवं, आणि ते आपण करू शकतो. म्हणून माझे तीन प्रस्ताव आहेत.

पहिला, रक्तदाबाचा. उच्च रक्तदाब दुखत नाही, चक्करही बहुधा येत नाही. मोजल्याशिवाय कळत नाही. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, दंड छातीच्या पातळीला ठेवून दोनदा मोजायचा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याच्या वर आला तर डॉक्टरांकडे जायचं. त्याच्या नेहमीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्त मिळतात. पण त्या रोज घ्यायच्या असतात. ‘आता नॉर्मल आलाय’ म्हणून बंद करायच्या नसतात. गोळीमुळेच तो नॉर्मल आलेला असतो. आपण प्रत्येकाने एकेक जोडीदार धरायचा, महिन्याच्या एक तारखेला एकमेकांना फक्त आकडा कळवायचा. शाळेत जोडीने गृहपाठ तपासायचो, तसं.

दुसरा, त्या सहा तासांचा. छातीत दाबल्यासारखं, हातात, जबड्यात कळ, घाम, दम असं काही झालं आणि ते थांबेना, तर सोड्याची पुडी नाही, ‘सकाळी बघू’ नाही. १०८ ला फोन. ही रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असो की अँजिओप्लास्टी, जितकं लवकर तितकं हृदय वाचतं. पैशाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली होती. तिच्यात अँजिओप्लास्टी आणि बायपास बसतात. पण योजनेतलं रुग्णालय कुठलं, कागद कुठले, हे कळ आल्यावर शोधायचं नसतं. रेशनकार्ड, आधार आणि जवळच्या रुग्णालयाचं नाव आजच एका जागी ठेवा. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ही माहिती जमवून देणं हे काम मी घेते. याद्या करणं हेच माझं काम आहे.

तिसरा प्रस्ताव मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपला ग्रुप दहावीच्या फोटोवरून बनला. पण आठवीच्या हजेरीपटावर जितकी नावं होती तितकी दहावीच्या फोटोत नाहीत. काही जण नापास झाले, काही कामाला लागले, काही मुलींची लग्नं झाली. ते आज इथे नाहीत, ग्रुपवर नाहीत, त्यांना कुणी बोलावलंही नाही. आणि मी आत्ता जे काही आकडे सांगितले त्या प्रत्येक आकड्यात सगळ्यात जास्त धोका ज्यांना आहे, ते हेच आहेत. आपला ट्रकवाला मित्रही त्यातलाच. तो गेल्याचं आपल्याला तीन आठवड्यांनी कळलं.

शाळेच्या ऑफिसात जुने हजेरीपट अजून आहेत, मी विचारून ठेवलं आहे. आपण तीस-चाळीस जण आहोत. प्रत्येकाने एक नाव घ्यायचं आणि शोधायचं. घरी जायचं, चहा प्यायचा, जुन्या गप्पा मारायच्या, आणि निघताना बीपी मोजायचा. दान देतोय असा आव आणायचा नाही. एका बाकावर बसलेल्यांमध्ये दान नसतं. ज्याला औषधाचा खर्च जड असेल त्याच्यासाठी आपण आजच्या वर्गणीतला उरलेला पैसा बाजूला ठेवावा, असं खजिनदारांशी बोलून ठरवलं आहे. हात वर करून मान्यता द्याल अशी खात्री आहे.

शेजारच्या आठवी ‘ब’च्या खोलीत बीपीची दोन मशिनं आणि हजेरीपटाची झेरॉक्स ठेवली आहे. पंगत बसायच्या आधी सगळ्यांनी तिथून जायचं. सर आणि बाई आधी, मग आपण नंबराने. बीपी मोजून घ्या आणि बाहेर पडताना पटावरच्या एका नावापुढे आपली सही करा.